मंडईला फुल्यांचे नाव, फुटपाथवर कायदा कोणाचा?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देऊन बराच काळ लोटला. पाटीवर फुले आहेत, लोकांच्या तोंडी मात्र अजूनही क्रॉफर्डच आहे. १८६९ साली पुऱ्या झालेल्या या मंडईच्या दारावर लॉकवूड किपलिंगने योजलेली शेतकऱ्यांची शिल्पे आहेत आणि समोरच्या बाजूला पोलीस आयुक्तांचे कार्यालय आहे. दगडातल्या शेतकऱ्याला तिथून कोणी हटवत नाही. पण खाली फुटपाथवर त्याच शेतकऱ्याचा भाजीपाला विकणाऱ्या बाईला ‘गाडी आली’ अशी हाक ऐकू येताच पाटी डोक्यावर घेऊन पळावे लागते. ती कोणत्या कायद्याने पळते, हा आमचा सवाल आहे.

महापालिकेच्या हातात १८८८ चा कायदा आहे. त्याचे कलम ३१४ रस्त्यावरचा अडथळा नोटीस न देताही हटवण्याचा अधिकार देते. परंतु १९८९ साली सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रस्त्यावर धंदा करणे हा कलम १९(१)(छ) खालील मूलभूत हक्क मानला आणि त्यावर वाजवी बंधने घालता येतील असे सांगितले. पुढे २०१४ साली संसदेने पथविक्रेता कायदा केला. या कायद्याशी विसंगत असलेल्या इतर कायद्यांवर तो वरचढ ठरतो, असे त्यातच लिहिले आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटवता येत नाही. माल जप्त केला तर सही केलेली यादी हातात द्यावी लागते. ठरलेले शुल्क भरून माल मागितला, तर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या गरीब माणसाच्या हातात ही यादी जवळजवळ कधीच नसते. त्याच्या हातात असते ती फक्त रिकामी टोपली!

या कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करीत आले आहेत, तो वारसा बाजार जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व त्यात घातले आहे. म्हणजे बाजारपेठेचा इतिहास हा केवळ वारसा सहली काढणाऱ्यांच्या हौसेचा विषय राहिलेला नाही. तो न्यायालयात दाखल करण्याचा पुरावा आहे. आजोबांच्या नावाची महापालिकेची पावती, जुना फोटो, जुन्या खटल्यातील दंडाची नोंद हे सारे कागद आमच्या लोकांनी जपले पाहिजेत. ज्या दंडाने बापाला गुन्हेगार ठरवले, तीच दंडाची पावती आज मुलाचा हक्क शाबीत करू शकते.

मोहल्ल्याच्या शांततेचाही इतिहास आहे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये याच भागातील जुम्मा मशिदीच्या परिसरात दंगल पेटली. त्या वेळी फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी पुढाकार घेतला. शंभर वर्षांनी, १९९२-९३ च्या दंगलीत पोलीस कसे वागले, ते श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात नोंदवले आहे. त्या दंगलीनंतर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोलाचे काम केले, हे आम्ही मान्य करतो. पण अशा समित्यांच्या बैठकीत खुर्ची कोणाला मिळते? दुकानदाराला, प्रतिष्ठिताला, पुढाऱ्याला. हमाल, पाटीवाला, फुटपाथवरची बाई तिथे नसते. ज्याच्यावर पोलिसांची नजर सर्वांत जास्त, त्याचाच आवाज तिथे सर्वांत कमी. ही जातव्यवस्थेचीच रीत आहे.

पादचाऱ्याला चालायला जागा हवी, अग्निशमन दलाची गाडी गल्लीत शिरली पाहिजे, हे कोण नाकारतो? त्यासाठीच तर कायद्याने नगर पथविक्रेता समिती सांगितली आहे. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एकतृतीयांश महिला, शिवाय अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याकांना योग्य प्रतिनिधित्व असले पाहिजे. पोलिसांचा प्रतिनिधीही त्याच टेबलावर बसतो. रस्त्याचा तंटा तिथे बोलून सुटला पाहिजे, काठीने किंवा हप्त्याने नव्हे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जप्तीची यादी जागेवरच द्या. जुन्या बाजारांची पन्नास वर्षांची नोंद तपासून त्यांना वारसा बाजार जाहीर करा. पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत फुटपाथवरच्या माणसाला बसवा. यातली एकही मागणी कायद्याबाहेरची नाही. बाबासाहेबांनी संविधानाने दिलेला हक्क कागदावर मिळवून दिला. तो रस्त्यावर उतरवायचा असेल, तर आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या तरुणांनी हा कायदा वाचून विक्रेत्यांच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. फुल्यांचे नाव पाटीवर लागले. आता त्यांचा विचार पाटीखालच्या माणसापर्यंत पोहोचवायचा आहे.