कोकणची सहल : आखणीच्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने यंदा एम. ए.च्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल कोकणात न्यायचे ठरवले आहे. गेला दीड महिना विभागातल्या टेबलावर महाराष्ट्राचा रस्त्यांचा नकाशा पसरलेला आहे आणि चहाचे कप त्याच्या कडांवर ठेवावे लागत आहेत. आम्ही अंबाजोगाईचे. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात असल्यामुळे बाहेरच्या महाविद्यालयांच्या सहली आमच्याकडे येतात. आम्ही मात्र फारसे कुठे जात नाही. येथून रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा गाठायचा म्हणजे साधारण पाचशे किलोमीटरची वाट. सहलीस नाव दिलेल्या सव्वीस विद्यार्थ्यांपैकी एकोणीस जणांनी अद्याप समुद्र पाहिलेला नाही. 'गारंबीचा बापू' मात्र सर्वांनी वाचलेली आहे. निदान तिच्यावरची टिपणे तरी वाचलेली आहेत.

सहलीची आखणी हे वरकरणी कारकुनी काम. गाडी, मुक्काम, जेवण आणि वर्गणी एवढा हिशेब जमला की संपले, असा माझाही समज होता. परंतु नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढताना लक्षात येते की, ती रेघ म्हणजे त्या प्रदेशाविषयीचे एक मत असते. कुठे थांबायचे, कोणते गाव वगळायचे, कोणत्या क्रमाने जायचे हे ठरवणे म्हणजे त्या भूमीचा एक अन्वयार्थच ठरवणे होय. आमच्यापुढे अशा दोन रेघा आल्या आणि दोन्हींशी माझे भांडण झाले. त्या भांडणाची ही कैफियत.

पहिली रेघ एका सहल-कंपनीने पाठवलेली. चार रात्री, पाच दिवस आणि बावीस 'पॉइंट'. त्यात किल्ले, देवळे, सूर्यास्त, डॉल्फिन असे सर्व काही होते. या आखणीत कोकण हे एक चित्र आहे आणि चित्रात माणसे असलीच तर ती जेवण वाढणारी किंवा होडी वल्हवणारी आहेत. हा दोष उघड असल्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरी रेघ आमच्याच विभागातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी ओढलेली, म्हणून तिचा विचार गांभीर्याने करायला हवा. त्यांनी लेखकांची गावे क्रमाने मांडली होती. दापोली तालुक्यातले मुर्डी हे श्री. ना. पेंडशांचे जन्मगाव. गणपतीपुळ्यापासून हाकेच्या अंतरावरचे मालगुंड हे केशवसुतांचे. तेथे त्यांचे स्मारक आहे. देवगड तालुक्यातले धालवली विंदा करंदीकरांचे, वेंगुर्ले तालुक्यातले आरवली जयवंत दळवींचे, आणि त्याला लागून असलेले शिरोडे, जेथे वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शाळेत शिकवले. बाईंची यादी पाहताना प्रथम मलाही भरते आले. एवढ्याशा किनारपट्टीने मराठीला किती दिले! पण रात्री ती यादी पुन्हा वाचताना वाटले की, यातही आपण बावीस पॉइंटांच्या जागी पाच पॉइंट ठेवले आहेत, इतकेच. सूर्यास्ताऐवजी अर्धपुतळा, छायाचित्र मात्र तेच.

दोन्ही आखण्यांत एक गृहीतक समान आहे. कोकण ही जाऊन पोचण्याची जागा आहे, असे दोन्ही मानतात. याउलट आपण शिकवतो ते कोकणचे साहित्य पाहावे, तर त्याचा मोठा भाग कोकणातून निघून गेलेल्या माणसांनी लिहिलेला आहे. केशवसुतांचा जन्म मालगुंडचा (१८६६) आणि मृत्यू हुबळीचा (१९०५). मधली वर्षे मुंबई, खानदेश, धारवाड अशी नोकरीच्या मागे गेली. 'नैर्ऋत्येकडल्या वाऱ्यास' ही त्यांची कविता गावात राहणाऱ्याला सुचणार नाही. दूर असलेल्यालाच वाऱ्याला गावाची खबर विचारावीशी वाटते. पेंडसे लहानपणीच मुंबईला गेले आणि बेस्टमध्ये नोकरी करीत त्यांनी हर्णै-मुर्डीचा परिसर कागदावर उभा केला. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कुडाळात खाणावळ चालवली आणि पुढे पोटासाठी तेही मुंबईला गेले. 'कोंडुरा' (१९६६) ही त्यानंतरची. दळवींनी तर आरवलीच्या माणसांवरच्या पुस्तकाचे नावच 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) ठेवले.

तेव्हा या पुस्तकांतला माड, पोफळ आणि लाल माती हे केवळ निसर्गवर्णन नव्हे. ती मुंबईच्या खोलीत बसून आठवलेली माती आहे. आमच्या प्रश्नपत्रिकेत मात्र 'प्रादेशिक कादंबरीतील निसर्गचित्रण' या पाच गुणांच्या टिपेत विद्यार्थी झाडांची नावे लिहितात आणि आम्ही गुण देतो. झाड कोणी पाहिले, कोठून पाहिले आणि पाहणाऱ्याला तेथे का राहता आले नाही, हे आम्ही विचारीत नाही. सहल-कंपनीला नावे ठेवण्यापूर्वी हे आपले आपल्याशी कबूल केलेले बरे.

याला दोन अपवाद आवर्जून नोंदवायला हवेत. खांडेकर हे बाहेरून, सांगलीहून, कोकणात आलेले. त्यांच्या तेथल्या वास्तव्यातच १९३०चा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह झाला. जो प्रदेश इतरांच्या लेखनात आठवणीचा आहे, तो त्यांच्यापुढे रोज सकाळी वर्गात बसलेल्या मुलांचा होता. दुसरा अपवाद उर्मिला पवारांच्या 'आयदान'चा (२००३). त्याही पुढे मुंबईच्याच झाल्या. परंतु त्यांच्या आठवणीतला कोकणचा रस्ता वेगळा आहे. डोक्यावर ओझे घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायांची ती पायवाट आहे. त्या वाटेवरून समुद्र दिसला तरी पाहायला उसंत नव्हती. बाईंच्या यादीत हे पुस्तक नव्हते, कारण त्याचे स्मारक नाही. यादी स्मारकांवरून केली की असे होते.

या वादात विद्यार्थ्यांना कोणी विचारलेले नव्हते. तो प्रसंग तारखेवरून आला. आम्ही दिवाळीची सुटी ठरवली होती. पाऊस संपलेला, समुद्र शांत, हवा उत्तम. कोणत्याही प्रवासी पुस्तकात हाच काळ सांगतील. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी विभागात आली. तक्रार करायला नव्हे, नाव कमी करा म्हणून सांगायला. तिचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. ते गेले की घरी म्हातारी आजी, दोन धाकटी भावंडे आणि दोन शेरडे हिच्यावर. चौकशी केली तेव्हा सव्वीसपैकी सात जणांची हीच अडचण निघाली. बीड जिल्ह्यात इतकी वर्षे शिकवूनही सहलीची तारीख ठरवताना हे आमच्या लक्षात आले नाही, याची शरम लिहून ठेवतो.

मग तारीख मागे घ्यायची ठरली. पण मागे तरी किती? जून ते ऑगस्ट कोकणात पावसाचा जोर; घाटात दरड, खाडीला उधाण. गणपतीत सगळी मुंबई कोकणच्या रस्त्यावर उतरते, तेव्हा गाडीही मिळत नाही आणि खोलीही. अनंत चतुर्दशी ते दसरा एवढीच फट उरली, आणि तिचा पहिला अर्धा भाग पितृपंधरवड्याचा. एका सहकाऱ्यांनी 'या दिवसांत कोणी प्रवासाला निघते का?' असे विचारले. मी म्हटले, निघत नाहीत म्हणूनच रस्ते मोकळे असतात आणि मुक्काम स्वस्त पडतो. शिवाय गेलेल्यांची आठवण काढण्याचा तो पंधरवडा; आपल्या अभ्यासविषयाला याहून योग्य काळ कोणता?

त्याच आठवड्यात वर्गात चाकरमान्यांविषयी बोलत होतो. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा बंदरांवरून पडावात बसून आगबोटीवर चढणारी माणसे, गिरणीतली नोकरी, मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणे. तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, मुंबई हा त्यांचा कारखाना आणि गणपती हा त्यांचा पट्टा." हंगाम संपून टोळी गावी परतते, तेव्हा आमच्याकडे 'पट्टा पडला' म्हणतात. वर्ग हसला, पण मला पुढचे वाक्य सुचेना. वीस वर्षे 'गारंबीचा बापू' शिकवताना हा धागा मला कधी दिसला नव्हता, कारण मी कोकण दाखवीत होतो आणि ती आपले गाव पाहत होती.

ही तुलना ताणू नये, हे मलाही कळते. चाकरमानी महिन्याच्या पगारावर गेला. ऊसतोड कामगार मुकादमाची उचल फेडायला जातो. चाकरमान्याच्या मुलाला मुंबईत शाळा मिळाली, वाचनालय मिळाले, त्यातून लेखक झाला. उसाच्या फडात मागे लागलेल्या मुलाला कोपीबाहेर ऊन मिळते. म्हणूनच एका निघून जाण्याचे वाङ्मय आमच्या अभ्यासक्रमात आहे आणि दुसऱ्याची फक्त हजेरीपटावरची गैरहजेरी. पण साम्य आणि भेद दोन्ही दिसायला लागणे, हेच साहित्याच्या विद्यार्थ्याला सहलीतून मिळायला हवे.

यावरचा एक आक्षेप मला मान्य आहे. बाई म्हणाल्या, "कादंबरी जागेवर जाऊन पडताळायची नसते. गारंबी नकाशात नाही." खरे आहे. मुर्डी-आसूदच्या वाडीत उभे राहून बापूचे गावाशी असलेले भांडण अधिक कळेल, असा दावा मी करणार नाही. पण म्हणून गावी जाऊच नये, असे ठरत नाही. गारंबी सापडणार नाही, हे तेथे जाऊन कळणे आणि टिपणात वाचणे यांत फरक आहे. खरे गाव आणि लिहिलेले गाव यांमधले अंतर पायाखाली आले, तर लेखकाने काय केले हा प्रश्न आपोआप पडेल.

तेव्हा आता तिसरी रेघ ओढली आहे. कऱ्हाडमार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तेथून दापोली. पहिल्या संध्याकाळी कोणतेही स्थळ नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, तेथे उभे राहायचे आणि ज्यांना समुद्र पाहायचा आहे त्यांना तो निवांत पाहू द्यायचा. पेंडसे दुसऱ्या दिवशी. पुढे मुंबई-गोवा महामार्ग टाळून किनाऱ्याने दक्षिणेकडे. त्यासाठी मोठी बस सोडून दोन लहान गाड्या केल्या आहेत. दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडायची. दाभोळची खाडी पाण्याने पंधरा-वीस मिनिटांची. चिपळूणवरून वळसा घातला तर शंभराहून अधिक किलोमीटर. वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांनी हा किनारा असा तोडला आहे की, समोरचे गाव डोळ्यांना दिसते आणि पायांना दूर असते. पंचवीस किलोमीटरवर बोली का बदलते, शेजारच्या गावापेक्षा मुंबई जवळची का वाटत होती, हे फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिल्यावर कळेल. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल आहेत. ते व्हायलाच हवेत. आजाऱ्याला दवाखान्यात नेणाऱ्याने फेरीबोटीचे काव्य ऐकून घेऊ नये. आमच्या विद्यार्थ्यांनी मात्र पुलाआधीची ही खाडी एकदा ओलांडलेली असावी.

मालगुंडला स्मारक आहे, तेथे जाऊच. पण कविता तेथे वाचायची नाही. ती परत आल्यावर, आमच्या वर्गात, पश्चिमेची खिडकी उघडून वाचायची. रत्नागिरीत बाजारात सकाळी जायचे आणि 'आयदान'ची सुरुवातीची पाने तेथे बसून वाचायची. नंतर पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग करीत मालवण, वेंगुर्ले आणि शेवट आरवली-शिरोड्याला. परतताना आंबोली घाट. सहा दिवस आणि थांबे नऊ. धालवली वगळावे लागले, याचे बाईंना आणि मलाही वाईट वाटते.

त्या विद्यार्थिनीचे नाव यादीत पुन्हा आले आहे. वर्गणीचा अर्धा भाग विभागाने उचलला आहे; तिला तो शब्द कसा वाटेल म्हणून पावतीवर मात्र 'सवलत' असे लिहिले. सहलीनंतर प्रत्येकाने एक लेख द्यायचा आहे. विषय कोकण नाही. 'माझ्या गावातून बाहेर जाणारा रस्ता' हा विषय दिला आहे.