परीक्षा पोरीची, काम वाडीचं



चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा येते. पेपरांत भाषा, गणित, बुद्धिमत्ता चाचणी असते. नेमकी तेव्हाच पिंपळवंडी-आळेफाटा भागात कांदाकाढणी सुरू होते. आईबाप रोजावर जातात अन् चौथीतली पोरगी धाकट्याला सांभाळत घरी राहते. अभ्यास बुडतो तो इथं, डोकं कमी म्हणून नाही.

"आम्ही अडाणी, काय शिकवणार?" असं पुष्कळ जण म्हणतात. शिकवू नका, सराव घ्या. घरातला सातबारा तिला मोठ्यानं वाचायला लावा. शंभर आरांचा हेक्टर, चाळीस गुंठ्यांचा एकर. मग आपला तुकडा केवढा, ते विचारा. आठवड्याच्या रोजाचा हिशेब तिलाच करू द्या. आश्रमशाळेतली मोठी पोरं दिवाळीला घरी येतील, त्यांना रोज तासभर चौथीच्या पोरांसंगं बसवा.

अंगठ्यावर आपल्या जमिनी गेल्या. त्या परत मिळवायचा कायदा १९७४ साली झाला, तरी अर्ज लिहून घ्यायला अजून दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. उद्याचा अर्ज आपल्याच पोरीनं लिहायचा असेल, तर परीक्षेआधी महिनाभर तिच्या कडेवर मूल देऊ नका. वाडीतली लहानगी म्हाताऱ्या माणसांनी पाळीपाळीनं सांभाळावीत. पाळ्या येत्या बैठकीतच ठरवू.