कुलूप आणि आवाज

नातवाने घरी वाय-फाय बसवून दिलं, पासवर्डही घातला. "आजोबा, आता काळजी नाही," म्हणाला. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन ओट्यावर गेलो, मग पार रस्त्यापर्यंत, तरी फुल्ल रेंज! आमच्या टोकावड्यात एरवी रेंज शोधत फिरावं लागतं, म्हणून आधी आनंदच झाला. मग मात्र सानपाडा आठवलं.

२६ जुलै २००८. अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीची ईमेल गेली, ती सानपाड्यातल्या एका घरच्या उघड्या वाय-फायवरून. म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्यातून. पाठवणारा भलताच, पोलीस मात्र त्या घराच्या दारात. पुढे ऑगस्टमध्ये माटुंग्याचं एक कॉलेज आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरची एक कंपनी, तोच प्रकार. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वाय-फाय शोधत फिरले.

त्यातून सगळे एकच धडा शिकले: पासवर्ड घाला. बरोबरच आहे, पण माझ्या मते तो अर्धा धडा. पासवर्ड म्हणजे कुलूप, आणि कुलपं उघडतात. डब्ल्यूपीए-२ हे सगळीकडे वापरलं जाणारं कुलूप, त्यातही २०१७ साली खोट सापडली.

वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलाला काही खासगी सांगायचं असेल तर मी जवळ जाऊन हळू बोलायचो. मोठ्याने सांगून बाकीच्यांना "कान झाका" म्हणत नसे. लहरींचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जच्या ॲरन वायनर यांनी १९७५ सालीच गणिताने दाखवलं होतं, की चोरून ऐकणाऱ्याला आपल्या माणसापेक्षा अस्पष्ट ऐकू येत असेल, तर किल्लीशिवायही गुपित राखता येतं. आता अनेक अँटेना एकत्र वापरून लहरी हव्या त्या दिशेला वळवता येतात, इतरांच्या कानी नुसता गोंगाट पडेल अशी योजनाही करता येते.

घरच्या राउटरमध्ये एवढं सगळं नको. पण आवाज कमी करायची सोय पुष्कळ राउटरमध्ये असते, ती इंग्रजी मेनूच्या तळाशी का दडवावी? राउटर विकतानाच कमी शक्तीवर ठेवून द्यावा, आणि ती कशी वाढवायची ते मराठीत लिहावं. मोठी अँटेना लावून कोणी ऐकेलही, म्हणून कुलूप हवंच. पण निदान रस्त्यावरच्या कुणालाही सहज ऐकू जाऊ नये.

मी आमच्या राउटरची शक्ती कमी केली. माजघरात, स्वयंपाकघरात व्यवस्थित चालतं, रस्त्यावर काही नाही. नातू म्हणतो, "आजोबा, ओट्यावर स्लो झालं." म्हटलं, बाळा, ओट्यावर गप्पा मारायच्या असतात.

तुमच्या घरचा आवाज कुठवर जातो? एकदा फोन घेऊन बाहेर चालून बघा.