हात वर करण्याचा गुन्हा

मराठीत ‘हात वर करणे’ याचा अर्थ जबाबदारी झटकणे असा आहे. बरणी फुटली की पोरे हात वर करतात आणि पूल खचला की ठेकेदार. म्हणूनच की काय, शर्यत जिंकून हात वर करणारा माणूसही आमच्याकडे संशयित ठरतो.

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती एका शाळेच्या बक्षीससमारंभात. माझी चौदा वर्षांची भाची सायकलच्या शर्यतीत पहिली आली होती. रेषा ओलांडल्यावर तिने दोन्ही हात डोक्यावरच्या हेल्मेटला लावले आणि डोळे असे विस्फारले, की हे आपल्याच हातून घडले यावर तिचा विश्वास बसत नव्हता. संध्याकाळी प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले. विजयाने माणूस नम्र व्हावा, असले परदेशी हातवारे आपल्या संस्कारांत बसत नाहीत, असे ते म्हणाले. शिवाय जो वाटभर दुसऱ्याच्या पाठीमागे लपून अखेरच्या क्षणी पुढे उडी घेतो त्याने तर हात मुळीच वर करू नयेत, असेही म्हणाले. टाळ्या पडल्या. पोर मान खाली घालून बसली आणि तिचा हा शूर मामा गप्प राहिला. त्या गप्प बसण्याचे उट्टे आज काढतो आहे. सणासुदीला कडू बोलू नये हे मला ठाऊक आहे. पण कारीट फोडायची रीत दिवाळीतच आहे ना?

तो हातवारा तिला मीच दाखवला होता, हे आधी कबूल करतो. त्याचा धनी मार्क कॅव्हेंडिश. आइल ऑफ मॅन नावाच्या चिमुकल्या बेटावर 1985 साली जन्मलेला हा गडी. प्रयोगशाळेतल्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर याची परीक्षा घेतली की आकडे बेताचेच येत. रस्त्यावर मात्र शेवटचे दोनशे मीटर उरले की तो कुणाला आवरत नसे. 2008 साली टूर द फ्रान्समध्ये शातोरू या गावी त्याने आपला पहिला टप्पा जिंकला, तेव्हा त्याचे हात असेच डोक्याला गेले होते.

आता पाहुण्यांचा तो ‘पाठीमागे लपण्या’चा आरोप घेऊ. मराठी माणसाला घाटाचे वेड. मुंबई-पुणे शर्यतीत घाट पहिला चढून येणाऱ्याला आपण ‘घाटाचा राजा’ म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण सपाटीवर शेवटी झेप घेणारा स्प्रिंटर म्हणजे आपल्या लेखी आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा! अहो, पुढच्याच्या आडोशाने गेले की वाऱ्याशी झगडण्यातली बरीच शक्ती वाचते, हे सायकलच्या शर्यतीतले पहिले शास्त्र आहे. ती वाचवलेली शक्ती सहकाऱ्यांनी उसनी दिलेली असते आणि ती अखेरच्या दहा-बारा सेकंदांत व्याजासकट परत करायची असते. ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगात खांद्याला खांदा घासतो आहे, समोरचे चाक वीतभर अंतरावर आहे, तो डावीकडे सरकला तर आपण उजवीकडे जायचे की हाडे मोडून घ्यायची याचा निर्णय पापणी लवायच्या आत करायचा आहे. याला लपणे म्हणायचे असेल, तर मग बुद्धिबळातला उंटही लपूनच बसलेला असतो.

आणि डोंगर काय त्याला चुकतात? टूरमध्ये आल्प्स असतात, पिरेनीज असतात, आणि प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्याच्या मागोमाग ठरलेल्या वेळेत पोचला नाहीत तर गाशा गुंडाळा. 2018 साली ला रोझिएरच्या चढाने कॅव्हेंडिशला असेच घरी धाडले. 2024 च्या टूरमध्ये पहिल्याच दिवशी, फ्लॉरेन्सहून रिमिनीला जाताना, उन्हाने त्याला इतके झोडपले की सायकलीवर बसल्या बसल्या वांती होत होती. सहकारी त्याच्यासाठी मागे थांबले, त्याला धीर देत, वारा अंगावर घेत रेषेपर्यंत घेऊन आले. घाटाच्या राजाची आपण आरती करतो. पण घाट ज्याच्या कुंडलीत नाही आणि तरीही जो तो रोज चढतो, त्याच्या नावाने निदान एक फूल तरी वाहाल की नाही?

त्याचे सगळेच हातवारे मला प्रिय आहेत असे मात्र नाही. 2009 साली टेलिफोन बनवणारी एक कंपनी त्याच्या संघाची आश्रयदाती झाली, तेव्हा रेषा ओलांडताना याने कानाला फोन लावल्याचा अभिनय केला. तो हर्ष नव्हता, ती जाहिरात होती. 2010 साली स्वित्झर्लंडमधल्या एका शर्यतीत तर टीकाकारांना उद्देशून दोन बोटांचा असभ्य इशारा केला. संघाने त्याला शर्यतीतून काढून घेतले आणि ते उत्तम केले. पाहुण्यांनी तेवढ्यावर बोट ठेवले असते तर मीही टाळी दिली असती.

पण शातोरूचा हात निराळा. त्या पहिल्या विजयानंतर विजयांची रांग लागली, आणि मग दिवस फिरले. 2017 साली एका चिवट विषाणूजन्य तापाचे निदान झाले, मागोमाग अपघात आले, मनाचे आजारपण आले. 2020 च्या ऑक्टोबरात बेल्जममधल्या एका शर्यतीनंतर ही कदाचित आपली शेवटचीच शर्यत असेल असे सांगताना हा माणूस कॅमेऱ्यासमोर रडला. पुढच्या वर्षीही टूरच्या यादीत त्याचे नाव नव्हते. संघातल्या पहिल्या पसंतीच्या स्प्रिंटरचा गुडघा दुखावला म्हणून अगदी ऐन वेळी त्याला बोलावले. फूजेरला तो जिंकला. दोन दिवसांनी, 1 जुलै 2021 रोजी, शर्यत पुन्हा त्याच शातोरूला आली. तो पुन्हा जिंकला, आणि तेरा वर्षांपूर्वीसारखेच दोन्ही हात त्याने डोक्याला लावले. मी दिवाणखान्यात उभा राहून ओरडलो. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पळीसकट धावत आल्या. त्यांना वाटले, माझे काही बरेवाईट झाले. तेरा वर्षांत मोडलेला माणूस पुन्हा जोडला जातो आणि आपली पहिली खूण जागेवर सापडते का हे चाचपून पाहतो, त्या हातांत अहंकार कुठून सापडला या गृहस्थांना?

आणि रेषेपलीकडे गेल्यावर त्याचे हात काय करीत, हे पाहुण्यांनी पाहिलेले दिसत नाही. एकेका सहकाऱ्याला शोधून तो मिठी मारत असे. त्याच टूरमध्ये कार्कासोनला तो चौतीसावा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सच्या विक्रमाशी बरोबरी झाली. त्या दिवशी दुसरा कोण आला ठाऊक आहे? त्याला वाट काढून देणारा मायकेल मर्कोव्ह! चाकर इतका जोरात धावला की धन्याखालोखाल आला. तिथे वर गेलेले हात एकट्याचे होते असे म्हणणे म्हणजे गोविंदा हंडी फोडतो तेव्हा खालचे थर विसरणे होय.

तथापि हे हात फुकट वर जात नाहीत, हे नम्रतेच्या उपासकांना सांगितले पाहिजे. 2004 साली मिलान-सान रेमो शर्यतीत एरिक झाबेलने रेषेच्या जरा अलीकडेच हात उंचावले आणि ऑस्कर फ्रेइरे त्याला ओलांडून गेला. 2020 साली लिएजला ज्युलियन अलाफिलीपने तीच चूक केली. रोग्लिचने सायकल पुढे फेकली आणि जिंकली. गंमत पाहा, हाच झाबेल पुढे कॅव्हेंडिशचा सल्लागार झाला, आणि 2009 साली त्याच सान रेमोत शिष्याने हाउसलरला टायरच्या रुंदीएवढ्या अंतराने गाठले. रेषा येईपर्यंत हात हँडलवरून हलले नाहीत. गुरूने किती किंमत मोजून तो धडा मिळवला होता, हे जाणणाराच त्या हँडल घट्ट धरण्याचे सौंदर्य ओळखेल.

3 जुलै 2024 रोजी सँ-व्हुल्बा येथे, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तोच रिमिनीचा आजारी माणूस इतरांच्या चाकांमागून वाट काढत पुढे आला आणि पस्तिसावा टप्पा जिंकला. मर्क्सचा विक्रम मागे पडला. मर्क्स डोंगरातही जिंकत असे, म्हणून तो थोर तो थोरच. पण त्या दिवशी शेजारच्या संघांचे गडी, हरलेले, पिवळा अंगरखा घातलेला पोगाचारसुद्धा, एकेक करून त्याच्यापाशी आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिंगापूरला शेवटची शर्यत करून तो निवृत्त झाला, तीही जिंकून. ज्यांना त्याने हरवले त्यांना त्याचे हात खुपले नाहीत. खुपले ते ज्यांनी पायडल मारले नाही त्यांना.

समारंभाहून परतताना भाचीने विचारले, “मामा, पुढच्या वेळी हात कुठे ठेवू?”

मी म्हटले, “रेषेपलीकडे गेल्यावर तुला हवे तिथे ठेव. अलीकडे मात्र हँडलवर.”

“पाहुण्यांनी सांगितलं म्हणून?”

“छे गं, झाबेलने सांगितलं म्हणून.”