कूटप्रश्न : माकड चढलें, वजनाचें काय झालें ?

गेल्या अंकांत आम्हीं एका माकडाचें कोडें वाचकांपुढें ठेविलें होतें. छतास टांगलेल्या कप्पीवरून एक दोर सोडला आहे. त्याच्या एका टोकास वजन बांधलें आहे, आणि दुसऱ्या बाजूस तितक्याच वजनाचें माकड दोर धरून लोंबकळत आहे. दोर वजनरहित, कप्पी हलकी व घर्षणरहित मानावी. आरंभीं सर्व स्थिर आहे. आतां माकड दोरावरून वर चढूं लागलें, तर वजन वर जाईल, खालीं येईल, कीं जागच्या जागीं राहील ?

हें कोडें आमचें नव्हे. ॲलिसच्या नवलकथा लिहिणारे लुइस कॅरोल, म्हणजे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजांत गणिताचे अध्यापक राहिलेले चार्ल्स डॉजसन, यांनीं १८९३ सालीं तें आपल्या विद्वान स्नेह्यांपुढें टाकिलें होतें. आलेलीं उत्तरें त्यांनीं त्या वर्षाच्या डिसेंबरांत आपल्या रोजनिशींत टिपून ठेविलीं आहेत. प्राइस यांच्या मतें वजन वाढत्या वेगानें वर जातें; क्लिफ्टन व हारकोर्ट यांच्या मतें माकडाच्याच वेगानें वर जातें; सॅम्पसन यांच्या मतें तें चक्क खालीं येतें. तेव्हां ज्यांचें उत्तर चुकलें असेल, त्या आमच्या वाचकांनीं खजील होण्याचें कारण नाहीं. सोबत थोर आहे.

उत्तरें पुष्कळ आलीं. त्यांपैकीं एका भगिनींचें पत्र आम्ही मुद्दाम विचारास घेत आहों, कारण त्यांच्या घरांत या माकडानें थोडा कलहच माजविला आहे. त्यांचा पुतण्या बारावीस आहे. सहामाही परीक्षेंत गतिशास्त्राच्या उदाहरणांत त्यास फारच थोडे गुण पडले, आणि तेव्हांपासून 'हा विषय आपल्यास येणें नाहीं, सूत्रें पाठ करावींत आणि सुटावें' असा त्याचा निश्चय झाला होता. आमचें कोडें वाचून मात्र त्यानें कित्येक दिवसांनीं आपण होऊन पेन्सिल हातीं घेतली, आणि रात्रीं पानावर बसतांना सांगितलें कीं, वजन वर जाईल. मोठे भावोजी जन्मभर यंत्रांत वावरलेले इंजिनियर. ते म्हणाले, "दोन्हीकडे भार सारखा, तराजूचीं पारडीं समान. वजन हालेल कसें ?" मुलगा कांहीं बोलूं लागला, तों वडील माणसांशीं वाद घालूं नये म्हणून त्यास गप्प बसविण्यांत आलें. वही मिटली, ती अद्याप उघडलेली नाहीं. खरें कोणाचें तें आपण छापावें, अशी भगिनींची विनंति आहे.

उत्तर मुलाचें बरोबर आहे. परंतु त्यानें दिलेलें कारण बरोबर नाहीं. आणि भावोजींची चूक अशी आहे कीं, ती चांगल्या चांगल्या हुषार माणसांच्या हातून होते.

भावोजींनीं दोर, माकड व वजन यांचें एकच चित्र डोळ्यांपुढें आणिलें. असल्या उदाहरणांत पहिलें काम तें चित्र मोडण्याचें असतें. एकेक वस्तु उचलून निराळी काढावी आणि तिला विचारावें : तुला स्पर्श करून कोण ओढतो वा ढकलतो, आणि शिवाय पृथ्वी किती ओढते ? माकडास विचारा. वर दोर ओढतो, खालीं पृथ्वी. तिसरें कोणी नाहीं. वजनास विचारा. तेंच उत्तर. दोर हलका आणि कप्पी निर्बाध, म्हणून दोराचा ताण दोहोंकडे एकच. वस्तुमान समान, म्हणून पृथ्वीची ओढही एकच. ज्या दोन समान वस्तूंवर सर्वस्वीं समान बलें आहेत, त्यांच्या गतींत भेद पडणार कोठून ?

आंकडे घालून पाहूं. प्रत्येकाचें वस्तुमान १० किलोग्रॅम धरलें, तर पृथ्वीची ओढ ९८ न्यूटन होते. माकडानें जोर करून १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणानें वर जावयाचें ठरविलें, तर त्यास १० न्यूटन अधिक पाहिजेत. म्हणजे दोराचा ताण १०८ न्यूटन झाला पाहिजे. हाच १०८ न्यूटनांचा ताण पलीकडे वजनासही वर ओढीत आहे. मग तेंही त्याच त्वरणानें वर निघतें. दोराची लांबी कायम असल्यामुळें माकडाला १ मीटर उंची मिळविण्यास २ मीटर दोर हातांखालून काढावा लागतो. उरलेला मीटर वजनाच्या वांट्यास जातो. माकडानें भिऊन हात सोडला, तर दोघेंही बरोबरच कोसळतात. पुन्हा दोर घट्ट धरला, तर दोघांचाही वेग बरोबरच कमी होतो. बिचाऱ्यास त्या वजनापासून सुटकाच नाहीं.

तराजूचा दाखला सर्व स्थिर असेपर्यंतच चालतो. भावोजींनीं नकळत असें धरलें कीं, दोराचा ताण म्हणजे टांगलेल्या वस्तूचें वजन. परंतु वस्तु स्थिर असेल वा एकसारख्या वेगानें सरळ जात असेल, तरच तें खरें. ६० किलोग्रॅमचा गृहस्थ लिफ्टमध्यें वजनकांट्यावर उभा राहिला आणि लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणानें वर निघाली, तर त्याच्या पायांखालीं ७०८ न्यूटनांचा दाब पडतो, आणि कांटा ७२ किलोंहून अधिक दाखवितो. दुपारच्या जेवणाकडे त्याचा दोष नाहीं.

आतां मुलाचें कारण. तो लिहितो कीं, माकड दोरास खालीं ओढतें, दोर माकडास वर ओढतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान, म्हणून वजन वर जातें. यांतील पहिलीं दोन वाक्यें खरीं आहेत, पण 'म्हणून' खरा नाहीं. क्रिया एका वस्तूवर घडते, प्रतिक्रिया दुसऱ्या वस्तूवर. कोणतीही एक वस्तु कशी हालेल, हें केवळ तिच्यावर पडणाऱ्या बलांवरून ठरतें. तिनें दुसऱ्यास किती ओढलें तें तिच्या हिशेबांत येत नाहीं. परीक्षेंतले गुण जातात ते बहुधा या ठिकाणीं, आणि सूत्रें पाठ केल्यानें ते परत मिळत नाहींत, कारण कोणतें बल कोणाच्या खात्यांत मांडावें हें सूत्र सांगत नाहीं.

भावोजींच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनीं उभ्या जन्मांत पाहिलेली प्रत्येक कप्पी थोडीफार अडत असली पाहिजे. परसांतील विहिरीच्या गंजलेल्या रहाटावर हा प्रयोग केला आणि माकड सावकाश चढलें, तर घर्षणच वजनास धरून ठेवील आणि भावोजींचें म्हणणें डोळ्यांनीं खरें दिसेल. तेथें दोराच्या दोन्ही बाजूंचा ताण एक राहत नाहीं, इतकाच फरक. कोड्यांतील 'घर्षणरहित' हा शब्द शोभेचा नसतो. साऱ्या उत्तराचा भार त्यावर आहे.

उत्तर आलें कीं तें पारखून पाहण्याची एक रीत आम्हांस फार आवडते. जॉर्ज ॲटवुड या केंब्रिजच्या विद्वानानें १७८४ सालच्या आपल्या ग्रंथांत कप्पीवरून टांगलेल्या दोन असमान वजनांचें यंत्र वर्णिलें. समजा, एक ५.१ व दुसरें ४.९ किलोग्रॅम आहे. त्वरण अवघें ०.१९६ मीटर प्रति सेकंद वर्ग येतें आणि ताण सुमारें ४८.९८ न्यूटन. दोहोंचीं वजनें ४९.९८ व ४८.०२ न्यूटन. ताण मधोमध पडला, हें ठीक झालें : जड वस्तु खालीं जावयाची तर तिच्या वजनाहून ताण कमी पाहिजे, हलकी वर जावयाची तर तिच्या वजनाहून अधिक पाहिजे. ज्याचा ताण ५० न्यूटनांवर गेला, त्यानें पुस्तकाच्या मागील उत्तर न पाहतां आपली वजाबाकी पाहावी.

भगिनींनीं हा अंक प्रथम भावोजींस वाचावयास द्यावा, आणि ते एकटे असतांना द्यावा. मुलाची वही त्यांनींच आपल्या हातानें उघडून पुढें ठेविली, तर आमच्या छापील निकालापेक्षां तिचा उपयोग अधिक होईल.

पुढील अंकासाठीं माकड तेंच, १० किलोग्रॅमचें. परंतु पलीकडील वजन ८ किलोग्रॅमचें. माकडास जमिनीपासून आपली उंची तिळभरही बदलूं द्यावयाची नाहीं. त्यानें दोरावरून किती त्वरणानें चढत राहावें ? माकड व वजन यांच्या निरनिराळ्या आकृति काढून उत्तरें पाठवावींत. या खेपेस घरांतील काकाजींनींही पाठवावींत.