उष्टावणाची वाटी आणि आईची रजा

खास प्रतिनिधी, मुंबई

उष्टावणाला चांदीची वाटी, मामाची मांडी आणि तांदळाची खीर हा महाराष्ट्रातील घरोघरचा प्रघात अद्याप टिकून आहे. मात्र समारंभ आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला काय भरवायचे, याचे उत्तर आता आजीकडे कमी आणि मोबाइलच्या पडद्यावर अधिक शोधले जाते. या उत्तरांमध्ये गेल्या काही वर्षांत एका पदार्थाने ठळक स्थान मिळवले आहे. रात्री ओट्स दुधात किंवा पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी त्यात फळाचा गर कालवून बाळाला भरवायचे, अशी ही कृती. इंग्रजीतील 'ओव्हरनाइट ओट्स' हेच नाव तिला मराठी घरांतही मिळाले आहे.

वरकरणी हा पाककृतींच्या पानापुरता विषय वाटेल. परंतु ही कृती कोठून आली, कोणत्या कारणाने आली आणि आपल्याकडे ती कोणाची अडचण सोडवते, याचा विचार केला तर बालपोषणाच्या एका दुर्लक्षित प्रश्नापर्यंत जाऊन पोहोचावे लागते. तो प्रश्न धान्याचा कमी आणि आईच्या वेळेचा अधिक आहे.

कारण तिकडचे, पाकीट इकडचे

ओट्स भिजवून खाण्याची पद्धत युरोपातील. स्वित्झर्लंडमधील डॉ. मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी भिजवलेले ओट्स, सफरचंदाचा कीस आणि लिंबूरस यांचे मिश्रण प्रचारात आणले. तेच पुढे 'म्यूसली' म्हणून जगभर गेले. बाळांच्या आहारात ओट्सला महत्त्व आले ते मात्र अमेरिकेतील एका वेगळ्याच चिंतेमुळे. तेथे बाळाचे पहिले अन्न म्हणजे तांदळाचे डबाबंद सिरियल, अशी अनेक दशकांची रूढी होती. तांदूळ जमिनीतील व पाण्यातील आर्सेनिक अधिक प्रमाणात शोषून घेतो, हे स्पष्ट झाल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये बाळांच्या तांदळाच्या सिरियलमधील असेंद्रिय आर्सेनिकसाठी अब्जांशात १०० भाग ही मर्यादा सुचवली. केवळ तांदळावर विसंबू नका, ओट्स, बार्ली अशी धान्ये आलटून पालटून द्या, असा सल्ला तेथील बालरोगतज्ज्ञ देऊ लागले.

सल्ला योग्यच होता. परंतु तो समुद्र ओलांडून आपल्याकडे आला तेव्हा त्याचे कारण तिकडेच राहिले. ज्या घरात तांदळाबरोबर नाचणी, ज्वारी, मूग आणि गहूही आहे, तेथे धान्यबदलासाठी ओट्सच आणावेत, अशी गरज मुळात नव्हती. दुसरा फरक अधिक गंभीर आहे. अमेरिकेत बाळांसाठी मिळणाऱ्या ओट्सच्या सिरियलमध्ये सामान्यतः लोह मिसळलेले असते. आपल्या दुकानातील साधे ओट्स हे मोठ्यांच्या न्याहारीचे धान्य आहे. त्यात असे लोह मिसळलेले नसते. पदार्थाचे नाव तेच राहिले, पण ज्या घटकामुळे तो बाळासाठी विशेष उपयुक्त ठरत होता, तो वाटेतच गळाला.

लोहाचा मुद्दा किरकोळ नाही. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा बाळाला साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर आईच्या दुधातून मिळणारे लोह अगदीच अपुरे पडते आणि बहुतेक गरज वरच्या अन्नातूनच भागवावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहून थोडे अधिकच होते.

भिजवणे आणि शिजवणे

रात्री भिजत घालणे ही मराठी स्वयंपाकघराला नवी गोष्ट नाही. मात्र आपल्याकडे रात्री भिजलेले धान्य किंवा कडधान्य सकाळी विस्तवावरून जाते. भिजवलेल्या ओट्सच्या कृतीत हा टप्पाच नाही. कारखान्यात वाफवून चपटे केलेले ओट्स केवळ भिजवून खाण्याजोगे होतात हे खरे; पण रात्रभर वाटीत राहिलेल्या ओलसर अन्नात जंतू वाढू नयेत, याची सारी जबाबदारी फ्रिजवर येते. त्यामुळे ही कृती करायचीच असेल तर मिश्रण कालवताच ते पाच अंश सेल्सिअसच्या आत ठेवणे आवश्यक आहे. ओट्यावर झाकून ठेवलेली वाटी आपल्या हवेत, त्यातही उन्हाळ्यात, बाळासाठी धोक्याची आहे. भारनियमनाच्या काळात रात्रीतून काही तास बंद राहणारा फ्रिजही भरवशाचा नाही.

नुकतेच खाऊ लागलेल्या बाळासाठी ओट्स आधी मिक्सरमध्ये बारीक करावेत आणि सकाळी मिश्रण उकळी येईपर्यंत शिजवून कोमट करून भरवावे, हे अधिक सुरक्षित. एकदा गरम केलेले पुन्हा गरम करू नये. बाळाचा चमचा बुडालेली उरलेली वाटी टाकून द्यावी. एक वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये; त्यातून बोट्युलिझम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. साखर व मीठ घालू नये. मसाला ओट्सची तयार पाकिटे बाळासाठी नाहीतच. अख्खे शेंगदाणे किंवा बदाम घशात अडकतात. त्यांची बारीक पूड मात्र मिसळता येते. वाटीत लोह कसे येईल, याचा विचार वेगळा करावा लागतो. डाळ, अंड्याचा बलक, मांसाहारी घरांत मासे किंवा खिमा यांची जोड, आणि शाकाहारी अन्नातील लोह शोषले जावे म्हणून सोबत पेरू, संत्रे यांसारख्या फळाचा गर, हा त्यावरील साधा उपाय.

परंपरेचाही हिशेब

परदेशी ओट्सच्या तुलनेत आपली नाचणी श्रेष्ठ, असे म्हणून हा विषय निकालात काढता येत नाही. प्रथिने पाहिली तर ओट्समध्ये ती शंभर ग्रॅममागे १२ ते १३ ग्रॅम असतात. नाचणीत सात ग्रॅमच्या आसपास. कॅल्शियमच्या बाबतीत पारडे उलटे फिरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांनुसार नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि ओट्स त्याच्या जवळपासही येत नाहीत.

नाचणीचे खरे बळ तिच्यावर होणाऱ्या प्रक्रियेत आहे. धान्याला मोड आणले की लोहाला धरून ठेवणारे फायटेट कमी होते. उष्णता दिलेल्या ओट्समध्ये फायटेट फोडणारे विकर फारसे उरत नाही, त्यामुळे फ्रिजच्या गारव्यात ते रात्रभर भिजवूनही हा लाभ विशेष मिळत नाही. मोडाचा आणखी एक फायदा आहे. मोड आलेल्या धान्यातील अमायलेज हे विकर दाट पेज पातळ करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रा. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या गुणाचा अभ्यास करून दाखवून दिले, की अशा पिठाचा चमचाभर अंश घातल्यास त्याच वाटीत अधिक पीठ मावते आणि तरीही बाळाला ते गिळता येते. बाळाचे पोट लहान असते. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान करणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी हव्यात आणि त्या दोन-तीन वाट्यांमध्येच बसवाव्या लागतात.

याच कसोटीवर आपल्याही काही रूढी उतरत नाहीत. वरणाचे पाणी, भाताची निवळ, पातळ पेज यांनी बाळाचे पोट भरते. पोषण होत नाही. नाचणीचे सत्त्व गाळताना कोंड्याबरोबर काही खनिजेही जातात. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात, म्हणून काही घरांत पाचव्याच महिन्यात उरकले जाते, तेही घाईचे. मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पूर्ण झाल्यावरच वरचे अन्न सुरू करावे, हीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस असून २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतही ती कायम आहे.

एकशे ब्याऐंशी दिवसांचे गणित

सहा महिने, म्हणजे १८० दिवस. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मुदत ठेवण्यात आली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. याचा अर्थ, प्रसूतीच्या दिवसापासून सारी रजा घेतली तरी बाळाची पहिली वाटी आणि आईचा कामावरचा पहिला दिवस एकाच आठवड्यात येतात. प्रसूतीपूर्वी आठ आठवडे रजा घेतली असेल तर आई बाळाच्या पाचव्या महिन्यातच कामावर रुजू झालेली असते. केवळ स्तनपानाच्या काळाचा विचार करून आखलेली ही रजा, बाळाचे खाणे शिकवण्याचा सर्वाधिक वेळखाऊ टप्पा सुरू होताच संपते.

रात्री भिजवलेल्या ओट्सची लोकप्रियता येथे उलगडते. सकाळची ७.४० ची लोकल गाठणाऱ्या आईला नाचणी निवडणे, भिजवणे, मोड आणणे, वाळवणे, दळणे हे सांगणे सोपे आहे. ते करणार कोण, हा प्रश्न आहे. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीतच होती. ती मनापासून अमलात आली, तर दुपारची वाटी तरी आईच्या हातची असेल.

संघटित क्षेत्रातील आईला निदान रजा आहे. बीडहून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या ऊसतोड मजूर आईला तीही नाही आणि कोपीत फ्रिजही नाही. तिचे बाळ फडाच्या कडेला झोळीत असते. गावातील अंगणवाडीत त्याचे नाव आहे, पण हंगामाचे चार-पाच महिने ते गावात नसते. देशात सहा ते आठ महिन्यांच्या बालकांपैकी आईच्या दुधासोबत वरचे अन्न मिळणारी बालके केवळ ४५.९ टक्के, तर सहा ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी पुरेसा आहार मिळणारी अवघी ११.३ टक्के असल्याचे याच पाचव्या पाहणीत दिसले होते. ही तूट एवढी मोठी आहे, की तिचे कारण केवळ गरिबीत शोधून चालणार नाही. खाणारे बाळ आणि भरवणारा हात एकत्र असण्याचा वेळच अनेक घरांत नाही.

मोकळी जागा कोण भरणार?

वेळेची ही पोकळी बाजार भरून काढतो. 'पब्लिक आय' आणि 'आयबीफॅन' या संस्थांनी एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, नेस्लेच्या भारतातील सेरेलॅकमध्ये प्रत्येक वाटीमागे सरासरी २.७ ग्रॅम साखर मिसळलेली असल्याचे आणि काही युरोपीय देशांत ती नसल्याचे म्हटले होते. आपण स्थानिक नियम पाळतो आणि पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केली आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. त्याच वर्षी तिने परिष्कृत साखर नसलेले प्रकार भारतात आणण्याची घोषणा केली. १९९२ च्या कायद्याने व २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बालकांच्या तयार आहाराच्या जाहिरातींना बंदी आहे. पण मोठ्यांसाठी विकले जाणारे ओट्सचे पाकीट बालआहार म्हणून बाजारात येत नाही. त्याचा प्रचार पाककृतीच्या रूपाने बिनबोभाट होतो.

सरकारी वाटीची कथाही फारशी उत्साहवर्धक नाही. अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना घरी नेण्यासाठी शिधा दिला जातो. त्यात ठेकेदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बजावले होते. तरीही महाराष्ट्रातील पुरवठ्याच्या निविदा न्यायालयाला २०१९ मध्ये रद्द कराव्या लागल्या. मोड आणलेल्या नाचणी-मुगाचे पीठ ही काही अवघड वस्तू नाही. गावातील महिला बचत गट ते तयार करू शकतात, बंद डब्यात ते टिकते आणि सकाळी सात-आठ मिनिटांत शिजते. रात्री भिजवलेल्या ओट्सइतकीच सोय, फ्रिजची अट न घालता, त्यातून मिळू शकते. हंगामात हा डबा कुटुंबासोबत फडापर्यंत पोहोचवणे, आस्थापनांतील पाळणाघरांची तपासणी करणे आणि बाळाचे भरवणे हे वडिलांचेही काम मानून त्यांना रजा देणे, या तीन गोष्टी सरकारच्या हातात आहेत.

तोवर ज्या घरात फ्रिज आहे आणि वेळ नाही, तेथे ओट्स भिजत राहतील. स्वच्छता पाळून, शिजवून आणि डाळी-फळांची जोड देऊन ते दिले तर त्यात गैर काही नाही. पण पहिल्या वाटीचा प्रश्न आईच्या हुशारीवर सोडून देणाऱ्या व्यवस्थेला त्यामुळे जबाबदारीतून मोकळे होता येणार नाही.