विश्लेषण : लँडलाइनवरचे नकोसे आणि फसवे कॉल कसे थांबवायचे?

मोबाइलवर नकोसा नंबर लगेच ब्लॉक करता येतो. घरातल्या साध्या लँडलाइनवर ती सोय नसते. गावी आई-वडील अजून लँडलाइन वापरत असतील, तर काय करता येईल?

लँडलाइनवर धोका अधिक का?
पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले म्हसा मुरबाड तालुक्यात येते. अशा गावांतली तरुण मंडळी नोकरीसाठी कल्याण, बदलापूरला असतात आणि ०२५२४ कोडचा लँडलाइन फोन घरी ज्येष्ठच उचलतात. जुन्या फोनला स्क्रीन नसते आणि नंबर ओळखणारे ॲपही त्यावर चालत नाही. समोर कोण आहे, हे फोन उचलल्यावरच कळते.

फसवणूक कशी होते?
आधी रेकॉर्ड केलेला आवाज येतो : ‘दोन तासांत तुमचा फोन बंद होईल, अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ ९ दाबले की ‘ट्रायचा अधिकारी’ बोलतो. तुमच्या नावावरच्या नंबरवरून गुन्हा झाल्याचे सांगून तो कॉल ‘पोलिसां’कडे देतो. लँडलाइनवर गणवेश दाखवता येत नाही, म्हणून घरातला व्हॉट्सॲप नंबर मागितला जातो. तिथून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी आणि पैशांची मागणी सुरू होते. ट्राय फोन बंद करण्यासाठी ग्राहकांना कॉल करत नाही आणि ‘डिजिटल अरेस्ट’ कायद्यात अस्तित्वातच नाही.

डीएनडी नोंदणीचा उपयोग किती?
त्याच लँडलाइनवरून १९०९ हा टोल-फ्री नंबर फिरवून सूचनांप्रमाणे नोंदणी करता येते. सर्व जाहिराती किंवा बँकिंग, घरे-जमिनी, शिक्षण अशा ठरावीक प्रकारच्या जाहिराती बंद करता येतात. मात्र डीएनडी थांबवते ते नियम पाळणाऱ्या नोंदणीकृत टेलिमार्केटरला. चोर डीएनडीची यादी पाहून फोन करत नाही. त्यामुळे नोंदणी झाली म्हणून निर्धास्त राहू नये.

तक्रार कुठे करायची?
नकोशा जाहिरातींची तक्रारही १९०९ वरच करता येते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी तीनऐवजी सात दिवस मिळतात आणि डीएनडी नोंदणी नसली तरी तक्रार करता येते. पहिल्या उल्लंघनाला पाठवणाऱ्याची आउटगोइंग सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तसेच केल्यास त्याची सर्व कनेक्शन वर्षभर तोडली जातात. पण तक्रारीसाठी कॉल करणाऱ्याचा नंबर लागतो आणि तो कॉलर आयडीशिवाय कळत नाही. म्हणून नंबर दाखवणारा फोन घ्यावा आणि आपल्या लाइनवर कॉलर आयडी सुरू आहे का, हे कंपनीकडे विचारावे. जाहिरातींच्या कॉलसाठी १४० ने, तर बँकांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आहे, हेही ज्येष्ठांना सांगून ठेवावे.

फसवणुकीचा संशय असेल, पण पैसे गेले नसतील, तर संचार साथीवरील ‘चक्षू’ सुविधेत कळवावे. पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी पुढच्या खात्यांतली रक्कम गोठवण्याची शक्यता अधिक.

घरात कोणता नियम करावा?
रेकॉर्ड केलेला आवाज आला की कोणतेही बटण न दाबता फोन ठेवावा. ओटीपी, आधार क्रमांक किंवा मोबाइल नंबर सांगू नये. बँकेचे नाव घेतले, तर पासबुकावरचा नंबर आपण स्वतः फिरवावा. पैशांचा विषय निघाला, की आधी मुलाला किंवा मुलीला फोन. हा नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवावा.

यंत्रणांनी काय करायला हवे?
परदेशातून भारतीय नंबर दाखवून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २४ तासांत तिने असे १.३५ कोटी कॉल रोखल्याचे केंद्राने सांगितले. कॉल पुरवठादाराच्या यंत्रणेतच रोखला, तर ग्राहकाकडे कोणता फोन आहे याने फरक पडत नाही, हे त्यातून दिसते. मात्र स्पॅमच्या इशाऱ्यांसारख्या बहुतेक नव्या सोयी मोबाइल डोळ्यांसमोर ठेवूनच येतात. लँडलाइनचे भाडे घेणाऱ्या कंपन्यांनी किमान कॉलर आयडी मोफत आणि न मागता सुरू करून द्यायला हवा. नंबरच दिसत नसेल, तर तक्रारीचा हक्क कागदावरच राहतो.